बांधायचं की बदलायचं

४ जानेवारी, रविवार
बदलीच्या गावी हिला सोडून आलो. अडीच तासांचा रस्ता. निघताना ही म्हणाली, दर शनिवारी येशील ना? म्हटलं, हा काय प्रश्न झाला! घरची गाडी आहे.
परतताना चढावर गाडीने निळा धूर सोडला. मागच्या ट्रकवाल्याने शिवी हासडली. दुर्लक्ष केलं. वयोमानाप्रमाणे चालायचंच.

६ जानेवारी
मिस्त्री म्हणतो, इंजिन ऑइल पितंय, रिंगा गेल्या. मार्ग दोन. आहे तेच इंजिन खोलून नव्याने बांधायचं, नाहीतर दुसरं बसवायचं. अपघातातल्या गाडीचं एक चांगलं इंजिन त्याच्याकडे पडून आहे. आठवड्याभरात कळवा म्हणाला. म्हटलं, शुक्रवारीच सांगतो. आपलं काम फास्ट असतं.

९ जानेवारी, शुक्रवार
अति घाई, संकटात नेई. कॉम्प्युटरवर तक्ता केला. बांधण्याच्या बाजूने अकरा मुद्दे, बदलण्याच्या बाजूनेही अकराच. बारावा शोधतोय.
हिला कळवलं, उद्या जमत नाही. ही म्हणाली, बसने ये. बसने कोणीही जातं. मी गेलो तर माझ्या गाडीनेच जाणार.

१७ जानेवारी
ऑफिसातला कॅशियर म्हणतो, जुन्या गाडीला दुसरं इंजिन म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मेहुणा म्हणतो, भंगारात घाला. हिचा भाऊ आहे म्हणून ऐकून घेतलं.
मिस्त्रीला सांगितलं, इंजिन उतरवून खोल, आत बघूनच काय ते ठरवतो. सायंटिफिक पद्धत.

२४ जानेवारी
आत बघितलं. काही कळलं नाही. मिस्त्रीसमोर मान डोलावली.
हिचा फोन. तिकडे पंप बिघडलाय, ही तीन जिने पाणी चढवते. म्हटलं, गाडी झाली की येऊन बघतो. फोन कट झाला. रेंज नसावी.

३ फेब्रुवारी
मिस्त्रीने गाडी दोरी लावून दारात आणून सोडली. गॅरेजमध्ये जागा नाही म्हणे. इंजिन त्याच्याकडे, गाडी माझ्याकडे. म्हणतो, सिलिंडर उघडे पडलेत, गंज धरेल, लवकर ठरवा. म्हटलं, तेल लावून ठेव. यांना सगळं आपणच शिकवायचं.

११ फेब्रुवारी
ही चार दिवस तापाने पडून होती. मला आज कळलं, तेही मेहुण्याकडून. त्यानेच जाऊन दवाखान्यात नेलं. फोन करून हिला झापलं, मला कळवलं का नाही? ही म्हणाली, कळवून काय झालं असतं? तू इंजिनाबद्दल बोलला असतास. आणि फोन ठेवला.
फार राग आला. खरं लिहायचं तर राग नाही, लाज वाटली. पण लाज वाटल्याचं सांगायचं कोणाला? म्हणून मेहुण्याला फोन करून त्याच्यावर ओरडलो.

२५ फेब्रुवारी
निर्णय झाला! बदलायचं!! तडक गॅरेज गाठलं. मिस्त्री म्हणाला, ते इंजिन तीन आठवड्यांपूर्वीच विकलं गेलं. बरं, मग बांध. म्हणाला, कशाला बांधू, आतून पार गंजलंय. वरातीमागून घोडं, असंही म्हणाला. तेल लावलं होतंस का, विचारलं. लावलं होतं, पण तेलाने किती दिवस राखायचं, म्हणाला.
लोकांना जबाबदारीची जाणीवच उरलेली नाही. हिला अजून सांगितलेलं नाही. प्रत्यक्ष भेटीत सांगेन.

७ मार्च, शनिवार सकाळ
ही आली! दोन महिन्यांनी! बरोबर भाऊ आणि टेम्पो. म्हटलं, आधी कळवायचं ना, घर तरी आवरलं असतं. म्हणाली, राहू दे, सामान न्यायला आलेय. कपाट, शिलाई मशीन, पुस्तकांची दोन खोकी. म्हटलं, एवढं कशाला? बदली तर तीनच वर्षांची आहे. म्हणाली, हो, बदली तीनच वर्षांची आहे.
टेम्पो फाटकातून आत येईना, मध्ये गाडी. मेहुणा स्टिअरिंगवर बसला. टेम्पोवाला आणि मी मागून ढकलत होतो. पोटात इंजिन नसलेली गाडी फार सहज सरकते.
कपाट मीच एका बाजूने धरून बाहेर आणलं. बेडरूमच्या भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिलाय.
टेम्पोत चढताना हिने विचारलं, मग काय ठरलं? बांधायचं की बदलायचं?
आता दोन्हींपैकी काहीच होण्यासारखं नाही, हे तिला सांगवेना. म्हटलं, विचार चालू आहे.
बरं, म्हणाली. टेम्पो निघाला.