ट्रे बाहेर येणारं पॅनल

५ डिसेंबर २००५, सोम. मंचर
कॉलेजची कॉम्प्युटरसाठीची नवी खोली पाहिली. पूर्वी खेळाचं सामान ठेवायचे ती. खिडकी एकच, फरशी बर्फ. जुन्या इमारतीतून फायबरची केबल इथं उतरणार, तिची टोकं बसवायला पॅच पॅनल हवं. कुठलं, ते आण्णा तुम्हीच ठरवा, असं सेक्रेटरी म्हणाले. मला तरी कुठं कळतं? टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडण्यात जन्म गेला. ही काचेची तार म्हातारपणी पुस्तकं चाळून आणि चुकत चुकत शिकलो. पण नाही म्हणवलं नाही.
जुन्या इमारतीतलं टोक माझ्या हाताखाली शिकलेला निवृत्ती जोडतोय. तिथला डबा भिंतीला पार खाली ठोकलेला, जमिनीवर बसल्याशिवाय हात पोचत नाही. पठ्ठ्या घोंगडी अंथरून बसलेला. वारलेल्या बापाच्या मेंढरांची लोकर. आईनं बळं दिली म्हणाला, फरशीचा गारवा कंबरंत भरंल म्हणून. कापलेले काचेचे तुकडे चिमट्यानं बाटलीत टाकत होता. शिकवलेलं विसरला नाही. बरं वाटलं.

७ डिसें.
पुण्याचा सेल्समन तीन नमुने घेऊन आला. पहिला भिंतीवरचा तसलाच डबा. स्वस्त. दुसऱ्याचा ट्रे पुढे ओढून तार टेबलावर घेता येते, माणसानं खुर्चीत बसून काम करावं. तिसऱ्यात सगळी टोकं कारखान्यातूनच जोडून येतात. कापायचं नाही, सांधायचं नाही, नुसतं खुपसायचं.
सेक्रेटरींचं बोट पहिल्यावर. नाकापेक्षा मोती जड नको, आण्णा.
निवृत्ती तिसऱ्याकडे बघत राहिला. चहाला जाताना म्हणाला, "हे आलं म्हंजी आमचं काम संपलं म्हणा की." मी म्हटलं, घर तिथं उंदीर आणि केबल तिथं तुटणं, तुला मरण नाही बाबा. हसला. पोटातून नाही.

१० डिसें.
नि. आला नाही. त्याच्या लेकीचा, छबूचा डोळा लाल झालाय म्हणे. पोर अजून वर्षाची नाही. गावातल्या डॉक्टरांनी थेंब दिलेत. आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या.

१३ डिसें.
निरगुडसरला त्यांच्या वस्तीवर जाऊन आलो. पोर डोळा उघडत नाही. मूठ घेऊन चोळते, की किंचाळते. रडून आवाज बसलाय. उद्या सकाळी नारायणगाव, ऐकायचं नाही कुणाचं, असं सांगून आलो.

१४ डिसें.
मीपण गेलो. जीपमध्ये पोर माझ्या मांडीवर. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मशीनमधून बराच वेळ पाहिलं. बुबुळात काचेचं कुसळ. इतकं बारीक की त्यांनाही चटकन दिसलं नाही. काढलं. पण जखम चिघळलीय. पट्टी पुढच्या गुरुवारी सोडतील, नजरेचं आज काही सांगता येत नाही म्हणाल्या.
घरात काच फुटली होती का, असं विचारलं त्यांनी. निवृत्तीची आई सुनेच्या हाताकडे बघत होती.
येताना जीपभर म्हातारीचं तेच. "हिरवा चुडा पायजे व्हता ना मिरवाया. आता बघ पोरीचं." सून, कमल, बाहेर बघत बसली. नि. पोरीचं टोपडं सारखं करत राहिला. तू तरी बोल की रे, असं तोंडावर आलं होतं. परक्यांच्या घोळक्यात नको म्हणून गिळलं.

१६ डिसें.
आजचं लिहायला नको वाटतंय.
वस्तीवर गेलो. कमलचे हात मोकळे. सासूनं बांगड्या उतरवायला लावल्या. नवरा धडधाकट असताना बाईचे हात असे, बघवेना. चहा ठेवताना हळूच म्हणाली, "आण्णा, माजी एक बी बांगडी फुटली न्हाय. मोजून घातल्या व्हत्या, मोजून काढल्या."
मला बसायला घोंगडी टाकलेली. पाव्हण्याचा मान. हात टेकला तर तळव्याला टोचलं. बघतो तर काही नाही, रक्तसुद्धा नाही.
खिशातली बॅटरी काढली. तिरपी धरली. काळ्या लोकरीत चांदणं पडल्यागत.
तार कापताना चिमट्यात आले ते तुकडे बाटलीत गेले. उडाले ते इथं. रोज संध्याकाळी हीच घोंगडी झटकून पोरीखाली. आणि मी ती बाटली बघून समाधान मानलेलं.
सांगितलं. सांगणं भाग होतं, कमलच्या सुन्या हातांसमोर गप्प कसा बसू? "बांगडीची काच नव्हे ही. कामाची आहे."
निवृत्तीनं घोंगडीवर तळवा दाबला. काढला. परत दाबला. मी मनगट धरलं त्याचं.
आई एवढंच म्हणाली, "मीच दिली व्हती ती."


१७ डिसें.
घोंगडीचं काय करायचं? काच जळत नाही. ओढ्याला धुवावी तर तिथं मेंढरं पाणी पितात. नि.नं बांधाजवळ खड्डा घेतला, खोल. म्हातारी कडेला बसून होती. नवऱ्याच्या हातानं कातरलेली लोकर, हात लावू दे म्हणाली. लावू दिला नाही आम्ही.
माती लोटताना नि. म्हणाला, "आण्णा, ते तिसरंच पॅनल घ्या. कापायचं कामच नको."
"मग तू काय करशील?"
"चुलत्याची मेंढरं हायेत."

१९ डिसें.
सेक्रेटरींना सांगितलं, पहिलं मी घेऊ देणार नाही. एका घोंगडीपायी का, म्हणाले. म्हटलं, एका पोरीपायी. ते वरमले. पण दुसरं की तिसरं, ते मलाच ठरेना. तिसरं घेतलं तर कुणाच्या घरी काच जायची नाही, पण इतका जमलेला हात वाया जाईल. दुसरं घेतलं तर... टेबल, रेक्झिन, ओला फडका, सगळं करू. तरी उद्या एखादा तुकडा उडालाच तर? आगीतून फुफाट्यात घालायला मी कोण?

२१ डिसें.
नि. आला. जुन्या डब्याच्या निम्म्या तारा राहिल्यात, कुणीतरी पुऱ्या करायच्याच. डबा मी भिंतीवरून उतरवून टेबलावर घेतला, केबलचं जादा वेटोळं मागं ठेवलेलं होतं म्हणून जमलं. हे आधीही जमलं असतं. नि. दर तारेनंतर टेबलावरचं रेक्झिन पुसत होता. जाताना बाहेर उभा राहून सदरा बदलला, जुना इथंच पिशवीत बांधून ठेवला. डोकं झटकलं. मग चपलासुद्धा.
कमलच्या बांगड्यांचं विचारलं. "आई सोता कासाराकडं जाऊन घेऊन आली. कमल घालंना. म्हंती, पट्टी सुटू द्या."
पट्टी उद्या.
दुपारी सेल्समनचा फोन. दुसरं की तिसरं, माल आज निघतोय. म्हटलं, आमच्याविना निघू दे त्याला. मला परवा विचार.