घुंगरांची गाठ

तीर्थरूप ताईला धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा बरा असेलच, कारण रुसायला गुडघा लागत नाही. भाऊजींची तब्येत कशी आहे?

तालमीत चारचौघींसमोर मी म्हणाले, ताईच्या गुडघ्याचा आवाज घुंगरांच्या वर जातो. खरं होतं म्हणून म्हणाले. तेवढ्यावरून तू परदेशातल्या नाचालाच यायची नाहीस, हे मला काय ठाऊक? असो. आपल्या मेळ्याची रीत तुला माहीत आहे (घुंगरं घरून बांधून निघायचं, नाच झाल्याशिवाय सोडायची नाहीत). दरवेळी सगळ्यांची तू बांधतेस. यंदा बाकीच्यांनी एकमेकींची बांधली. मी कुणापुढे पाय करू? माझी मीच बांधली, तीही बसवाला हॉर्न मारत असताना, गाठीवर गाठ.

सीमेवरच्या नाक्यावर एका चौकटीतून जावं लागतं. आम्ही शिरलो आणि चौकट बोंबलायलाच लागली. साहेब (मिशीला पीळ, हाताला काम नाही) म्हणाला, काढा. बाकीच्यांनी रीत गुंडाळून ठेवली आणि मुकाट काढली. माझी गाठ काही सुटेना. त्याने कात्री मागवली. मी म्हणाले, साहेब, ही दोरी माझ्या बहिणीने विणलीय, कात्री आधी माझ्या वेणीला लावा. झालं, त्याला संशय आला. म्हणे, नाचणाऱ्या आहात तर नाचून दाखवा. मग काय, बॅगांच्या सरकत्या पट्ट्याशेजारी नाचलो. वळायच्या जागी तू मागून चिमटा काढतेस ना, तो आलाच नाही, म्हणून मी वळलेच नाही. थेट साहेबाच्या टेबलावर. शिक्क्याची शाई त्याच्या मिशीला. मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. त्याने घाईघाईने शिक्के मारले, एकदाची ब्याद पलीकडे जावी म्हणून.

पलीकडचा कार्यक्रम छान झाला. तुझी आठवण कुणी काढली नाही.

तुझी खरं बोलणारी,
धाकटी

ता. क. छान म्हणजे, तिथेही मी वळले नाही. (लोकांना तो नाचाचाच भाग वाटला.) शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी ताई मागे नसेल तर तूही घरीच थांब.

ता. क. आणखी एक. घुंगरं अजून पायातच आहेत. मी कूस बदलली की हे दचकून उठतात. शेजारीण विचारते, बकरी पाळलीत का? तू ये आणि सोड. घरात कात्री आहे, पण ती मला सापडत नाही असं समज.