चार चाकांतल्या थाळ्या

सर्जापूर रोड, बेंगळुरू
८ सप्टेंबर २०२५

ती. मथुराआत्यास,
ध्रुवचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं आणि मग आपण दोघंही नुसते ओरडत बसतो, म्हणून हे पत्र. टपालपेटी कुठे आहे म्हणून वॉचमनला विचारलं, तर त्याने मला कुरिअरवाल्याचा नंबर दिला.

आम्ही दोघं बरे आहोत. बरे म्हणजे दमलेले. सकाळी बेळ्ळंदूरच्या सिग्नलला अडकतो, संध्याकाळी परत तिथेच अडकतो आणि मधल्या वेळात ऑफिसात अडकतो. टीममधले निम्मे लोक काढले, काम मात्र तेवढंच राहिलं. शमिका म्हणते, मी घरी येतो पण पोचत नाही. तिचं चूक नाही.

एकच विरंगुळा आहे, तो तुला पसंत नाही तरी सांगतो. वर्षातून दोन-तीनदा गाडी कोइमतूरच्या ट्रॅकवर नेतो. तिथे समोरून रिक्षा येत नाही, मॅनेजरचा फोन येत नाही, डोकं अगदी रिकामं होतं. गेल्या खेपेला मात्र थोड्याच फेऱ्यांत ब्रेक तापून मऊ पडले. पाय पार खाली गेला तरी गाडी पळतच होती. शेवटी कडेच्या वाळूत जाऊन थांबलो. शमिकाला हे माहीत नाही, तूही सांगू नकोस.

म्हणून आता रोटर बदलतोय. चाकाच्या आत लोखंडाची एक थाळी फिरते, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. तीच थाळी म्हणजे रोटर. माझ्या लहान आहेत, लगेच तापतात. नव्या मोठ्या, जाड आणि आतून हवा खेळेल अशा. मला भोकं पाडलेल्या हव्या होत्या, दिसायला झकास. गाडीचं काम करणारा आपला मंजुनाथ म्हणाला, ट्रॅकवर भोकांपासून तडे जातात, दागिना हवा असेल तर बायकोला घे. शेवटी चरे पाडलेल्या ठरल्या. पॅडवरूनही भांडलो. शर्यतीचे पॅड थंड असताना धरत नाहीत आणि बेळ्ळंदूरच्या गर्दीत गाडीपेक्षा मीच जास्त तापतो. म्हणून दोन्हीकडे चालतील असे मधले घेतले. पीण्या औद्योगिक वसाहतीतलं त्याचं गॅरेज बघशील तर हा मल्लाप्पाचा मुलगा हे खरं वाटणार नाही. पांढरे बूट घालून फिरतो आणि नटबोल्टवरूनही वाद घालतो.

नवरात्रात ये. शमिका तिकीट काढतेय. लोभ आहे तसाच ठेव, वाढवायला जागा असेल तर वाढव.

तुझा,
ध्रुव


टिळकवाडी, बेळगाव
१६ सप्टेंबर २०२५

चि. ध्रुव यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर तुझ्या बाबांच्या वळणावर चाललंय, म्हणजे वाचायला मला चष्मा आणि देव दोन्ही लागतात.

जी गाडी दिवसभर सिग्नलला उभीच असते तिला थांबवायला आणखी मोठ्या थाळ्या कशाला, हे मला कळलं नाही. पण वाळूचं वाचलं आणि जेवण गेलं नाही. दादा गेल्यापासून माहेर म्हणून मला तूच उरला आहेस. थाळ्या घे, हव्या तर परातीएवढ्या घे, पण नीट थांब.

मंजू वाद घालतो यात नवल नाही. मल्लाप्पा उद्यमबागेत आमच्या ह्यांच्या, म्हणजे तुझ्या दामूकाकांच्या, कारखान्यात लेथवर होता, तोही मालकाशी वाद घातल्याशिवाय काम सुरू करत नसे. मंजूने लहानपणी माझ्या हातची भाकरी पुष्कळ खाल्ली आहे. त्याला सांग, अक्का विचारत होती.

मी येते. येण्याचं खरं कारण खंडेनवमी. गेल्या वर्षी एका हातात फोन धरून तू गाडीला हार घातलास, ते शमिकाने दाखवलं होतं. काकांच्या कारखान्यात त्या दिवशी लेथपासून पान्यापर्यंत सगळं पुसून, उजळून ठेवत. लोखंड कोरडं राहता कामा नये, असा त्यांचा दंडकच होता. या वर्षी तुझ्या गाडीची पूजा मी करीन. तू झोप. तुझ्या पत्रात मला झोपेशिवाय दुसरं काहीच कमी दिसलं नाही.

शमिकाला आशीर्वाद. प्रकृतीला जप, आणि मी जपते आहे असं समजून निर्धास्त राहा.

तुझी आत्या


सर्जापूर रोड, बेंगळुरू
१० ऑक्टोबर २०२५

ती. मथुराआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे अक्षर डाव्या हाताचं आहे. घाबरू नकोस, उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे, बाकी सगळा शाबूत आहे. तू घाबरशील म्हणून शमिकाने फोनवर सांगितलं नाही. पण तुझ्यापासून किती दिवस लपवणार?

तू शुक्रवारी गेलीस. शनिवारी पहाटे मी गाडी काढली. नवे रोटर बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायचे असतात, म्हणजे पॅड आणि थाळी एकमेकांना सरावतात. ते करायलाच निघालो होतो. सोसायटीच्या उतारावर ब्रेक जरा हुकल्यासारखा वाटला. नवे आहेत, हुकणारच, म्हणून सोडून दिलं. पुढे वळणावर पाण्याचा टँकर उभा होता. मी पूर्ण जोराने दाबला. गाडी निसटावी तशी पुढे गेली आणि टँकरखाली तोंड घालून थांबली. शमिका बाजूला असती तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

गाडी पीण्याला ओढून नेली. पॅड काढले तर तेलाने माखलेले. नव्या थाळ्यांवर गंजू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो बसवण्याआधी धुवायचा असतो. मंजुनाथने धुतला नाही. मी त्याला नको नको ते बोललो. एरवी नटबोल्टवरून भांडणारा माणूस, आत्या, एक शब्द बोलला नाही. चूक त्याचीच, याला आणखी पुरावा कशाला? गाडीवाल्यांच्या आमच्या ग्रुपवर त्याच्या नावानिशी सगळं लिहिलं. दोघांनी त्याच्याकडची कामं काढून घेतली म्हणे. घेऊ देत.

ट्रॅक, गाडी, सगळ्याचाच कंटाळा आलाय. गाडी विकावी म्हणतो. काळजी करू नकोस, लोभ कमी करू नकोस.

ध्रुव


टिळकवाडी, बेळगाव
१५ ऑक्टोबर २०२५

चि. ध्रुव यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून हातात काम धरवत नाही. जे लिहायचं ते आधीच लिहिते, नाहीतर राहून जाईल. ते तेल मी लावलं.

आदल्या दिवशी तू गाडी धुतलीस. खंडेनवमीला सकाळी मी पूजेचं ताट घेऊन खाली गेले, तर चाकांच्या आत त्या नव्या थाळ्यांवर तांबूस गंज चढलेला. एवढ्या हौसेने आणलेल्या वस्तूची ही दशा बघून मला वाईट वाटलं. तुला उठवायला जीव होईना, तू तोंड उघडं टाकून मेल्यासारखा झोपला होतास. मग वर येऊन खोबरेल आणि कापूस घेऊन गेले. चाकाच्या काड्यांमधून बोटं जातील तिथवर चारही थाळ्या पुसल्या. अगदी चकचकीत झाल्या. मग मधोमध कुंकू लावलं. काका असते तर त्यांनी शाबासकी दिली असती, असंही मनात आलं. लेथला तेल लावतात तसं ब्रेकला लावायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

तू तरी विचार कर. पीण्याहून घरापर्यंत अख्खं गाव ओलांडून गाडी नीट थांबत आली, असं तूच जेवताना सांगितलंस. मंजूने तेल ठेवलं असतं तर त्या दिवशीच कळलं नसतं का? राग आला की तुमच्या घरात सगळ्यांची बुद्धी बाहेर फिरायला जाते, दादाचंही तेच होतं.

देवाच्या नावाने मी माझं माहेर संपवायला निघाले होते. हे मी कुठे ठेवू ते मला कळत नाही. यापुढे तुमच्या कुठल्या वस्तूला हात लावणार नाही.

पण मंजूला ताठ मानेने गॅरेज उघडता आलं पाहिजे. त्याच्याकडे जा, हे पत्र वाचून दाखव आणि जिथे लिहिलंस तिथेच खरं लिही. माझं नाव घाल. बाकी काही मागत नाही.

आत्या


सर्जापूर रोड, बेंगळुरू
२७ ऑक्टोबर २०२५

ती. मथुराआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी तुझ्याविना फिकी गेली. शमिकाने चकल्या केल्या, त्या थाळ्यांपेक्षा कडक झाल्या.

मी पीण्याला गेलो होतो. तुझं पत्र खिशात होतं, पण वाचायची वेळ आली नाही. मी तोंड उघडण्याआधीच मंजुनाथ म्हणाला, अक्कांनी कळवलं ना? त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पॅड हातात घेतल्याबरोबर खोबरेलाचा वास आला आणि बोल्टाला कापसाचे धागे अडकलेले होते. नवरात्रात तू आल्याचं त्याला माहीतच होतं. मग गप्प का बसलास म्हणून विचारलं. त्यावर म्हणाला, तू त्या दिवशी इतका पेटला होतास, की अक्कांचं नाव सांगितलं असतं तर त्यांनाही फोन करून असंच बोलला असतास. बोललो असतो, आत्या. माझ्यावर इतपत विश्वास त्याला होता.

मी माफी मागितली. त्याने जुन्या पॅडवरून पुन्हा वाद सुरू केला, त्यावरून समजलो की मिटलं. ग्रुपवर खरं लिहिलं, तुझं नाव घातलं नाही, आमच्या घरून चूक झाली एवढं लिहिलं. काम काढून घेतलेल्यांपैकी एकजण परत आला, दुसऱ्याचं माहीत नाही.

गाडी विकत नाही. पण तुला दुसरंच सांगायचंय. मंजुनाथने चाक काढून दाखवलं. तेल गेलेलं, पॅड नवे, थाळ्या घासून लख्ख. थाळीच्या मधल्या टोपीसारख्या उंचवट्यावर मात्र, जिथे पॅड पोचत नाही, तिथे तू लावलेलं कुंकू तसंच. चारही चाकांत. अक्कांनी लावलंय, इथे ब्रेक लागत नाही, राहू दे, म्हणाला. मला तिथेच स्टुलावर बसून रडू आलं. दमलो होतो म्हणून असेल, पण आलं.

तेव्हा हात न लावण्याचं ते विसर आणि थंडी पडायच्या आत ये. प्लास्टर निघायला अजून वेळ आहे, केस धुणं जमत नाही, झोपही येत नाही. लोभ भरपूर आहे, तो पत्रात मावत नाही. येताना खोबरेलाची बाटली आण, आणि ते तेल या वेळी माझ्या डोक्यावर घाल.

तुझा,
ध्रुव