चाळीस माशांची टिकटिक

४ मे
आले एकदाची! फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या खाडीच्या मधोमध, गोठलेल्या समुद्रावर आमचा तंबू. सोबतीला इपीली म्हातारा. त्याच्या बुडालेल्या थोरल्या भावाचं नाव मला ठेवलंय, उताक; आमच्यात नावाबरोबर माणूसही परत येतो. म्हणून सत्तरीचा हा बाबा मला, पंचविशीच्या पोरीला, 'दादा' म्हणतो. दादा, साखर कमी घाल, आधीच्या जन्मीही असाच उधळ्या होतास, म्हणून चिडवतो.

चाळीस कॉड मासे पकडून त्यांच्या पोटात टिकटिकणारी यंत्रं बसवली, सोडून दिले. बर्फाला भोक पाडून खाली ऐकणारं यंत्र सोडलंय. जहाजवाले म्हणतात, इथे मासेच नाहीत, बर्फ फोडून वाट काढू. सोळाला सुनावणी आहे. नोंदी समोर आपटल्या की त्यांची तोंडं बंद!

९ मे
सात मासे एकाच खोलीवर, एकाच चालीने फिरताहेत. इपीली म्हणाला, सात कुठले, दादा? एकच पोट आहे ते. शार्क असेल, म्हटलं. तो चहा पीत राहिला.

११ मे
एकोणतीस. एवढं पोट कुठल्या शार्कला असतं? इपीली म्हणतो, चल घरी. कशी जाऊ? ऐकणारं यंत्र बर्फात गोठून बसलंय; वर पडद्यावर मासे दिसतात, पण नोंदी त्यातच. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण हात हलवत परत जाणार नाही.

१३ मे
चाळीसच्या चाळीस. तंबूखाली. मी चालले की मागे येतात, थांबले की थांबतात. इपीलीने बर्फगाडी सुरू केली मात्र — खालून धडक. लांबलचक भेग. आवाजावर येतंय ते.

१४ मे
यंत्र बर्फातून निघालं. पण गाडी पोचेपर्यंत कुणीतरी इथे आवाज करत राहायला हवं. इपीली म्हणे, मी थांबतो. पण भेगांमधली वाट त्यालाच ठाऊक. ऐकेचना. शेवटी थोरल्या भावासारखी दरडावले, नीघ म्हणते ना! थोरल्याचा शब्द कसा मोडणार? यंत्र घेऊन रडत गेला.

दुपार
पातेलं बडवतेय. एका हाताने लिहि — टिकटिक पायाखालीच. ये ना, मेल्या! घाबरत नाही — घाबरते, पण हलत नाही —

गाडी काठावर चढली! दिसली! पोचल्या नोंदी!

तंबू कलला. भेग इथवर —

जहाजांना बर्फ फोडू दिला नाही. आणि तुलाही मी फोडू देणार ना —