चौथा हिस्सा कोणालाही नाही

मी, दॉ खिन सबे, वय सेहेचाळीस, दिवंगत वडील ऊ बा न्युन्ट आणि आई दॉ ओन टिन यांची धाकटी मुलगी, राहणार पाकोक्कू, शिक्षणाने वकील, लोकांनी दोनदा निवडून दिलेली खासदार आणि सध्याच्या लष्करी सरकारच्या लेखी फरार, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. प्रकृती बरी आहे. मलेरिया अधूनमधून येतो, पण त्याने माणसाची बुद्धी फिरत नाही असे आमच्या डॉक्टर म्हणतात. त्यांनाही तो आहे.

आधी कायद्याची अडचण सांगते, नाहीतर लोक म्हणतील वकीलबाई एवढेही विसरल्या. आमच्या देशात बौद्ध माणसाला मृत्युपत्र करता येत नाही. माणूस गेला की त्याचे जे असेल ते रूढीप्रमाणे वाटले जाते. मेलेल्याने मधे बोलायचे नाही. वकिली केली तेवढी वर्षे मी अशिलांना हेच सांगत आले. एकदा तेलघाणीचे एक म्हातारे मालक स्वतःच्या हाताने लिहिलेले मृत्युपत्र घेऊन आले. मी म्हटले, "आजोबा, कोर्टात हे कोणी हातातसुद्धा धरणार नाही." ते म्हणाले, "कोर्टाला कोण दाखवतंय? पोरांनी एकदा वाचलं म्हणजे झालं." तेव्हा मला हसू आले होते. हा कागदही तसाच आहे. घरच्यांनी एकदा वाचला म्हणजे झाले.

आत्ताच का, तर पौर्णिमेनंतर आमच्या मुक्त झालेल्या तालुक्याच्या परिषदेची बैठक आहे. जायची वाट डोंगराच्या उघड्या धारेवरून आहे आणि विमाने हल्ली दिवसाही येतात. मागच्या बैठकीला गेलेले सगळे परत आले नाहीत. या बैठकीत एका ठरावावर मतदान व्हायचे आहे आणि दोन्ही बाजू इतक्या सारख्या आहेत की माझ्या एका मतावर तो अडेल किंवा पास होईल. त्याबद्दल कलम सातमध्ये लिहिले आहे. बाकीची कलमे वाचायला वेळ नसेल त्याने तेवढे वाचावे.

१. घर. पाकोक्कूचे घर नदीकडच्या आळीत आहे. वडील गेले तेव्हा दादाने, म्हणजे माझे थोरले बंधू न्यान ते यांनी, थोरल्या मुलाचा रूढीप्रमाणे मिळणारा चौथा हिस्सा मागून घेतला. त्यात गैर काही नव्हते. आमच्याकडे थोरला मुलगा तो मागू शकतो. उरलेले तीन हिस्से आईचे. दादा तेव्हा सैन्यात कॅप्टन होता. तो आईला म्हणाला, "मला घर नको गं. फक्त मला विचारल्याशिवाय काही करू नका." आई म्हणाली, "एवढंच ना? विचारू की."

त्या एवढ्याशा गोष्टीत पुढे सगळे घर अडकले. छप्पर गळायला लागले. आईला पत्रा हवा होता. दादाचे म्हणणे, वडिलांनी कौले घातली, कौलेच राहतील. तो कुठल्या तरी सीमेवरच्या ठाण्यावरून फोन करायचा आणि इकडे आई घमेली मांडायची. एका पावसाळ्यात मी चिडून म्हटले, "अरे, तू राहतोस का तिथं? तुझ्या डोक्यावर गळतंय का?" तो शांतपणे म्हणाला, "म्हणूनच तर. राहणाऱ्याला छपराचं काही कळत नाही. लांबून कळतं."

हे वाक्य मी त्या रात्री वहीत उतरवून ठेवले होते. पुढे संसदेत त्याच्या वरिष्ठांची भाषणे ऐकताना ते मला वारंवार आठवे.

माझी इच्छा अशी: आईनंतर घरात जे काही माझ्याकडे येईल ते माझी मुलगी शुन लेइ हिचे. दादाने आपला हिस्सा ठेवावा किंवा सोडावा, पण त्याच्या जोरावर नकार देऊ नये. आई हयात आहे तोवर छप्पर तिच्या मनाप्रमाणे व्हावे. पत्रा म्हणाली तर पत्रा.

२. पातेले. लष्कराने सरकार उलथवले त्या आठवड्यात रोज संध्याकाळी सगळे गाव भांडी वाजवायचे. भूतबाधा घालवायला वाजवतात तशीच. आईने तिचे भाताचे ॲल्युमिनियमचे पातेले वाजवून वाजवून एका बाजूने पार चेपवले. दादा तेव्हा रजेवर घरी होता, आतल्या खोलीत, गणवेश खुंटीला. तो म्हणाला, "आई, निदान दार लावून तरी वाजव." आई म्हणाली, "दार लावलं तर भूत आतच राहील ना रे." आणि आणखी जोरात वाजवले. दादा हसला. मी त्याला मनापासून हसताना पाहिले ते शेवटचे.

त्यानंतर महिन्याभराने सरकारी पेपरात जाहिरात आली: दॉ ओन टिन यांनी आपली मुलगी खिन सबे हिच्याशी संबंध तोडले आहेत, तिच्या कृत्यांना त्या जबाबदार नाहीत. असल्या जाहिराती तेव्हा रोज पानभर येत. मजकूर दादाने लिहून दिला होता. त्यामुळे घराला सील लागले नाही आणि शुन लेइ आजीजवळ राहू शकली. हे मी मान्य करते. शेजारच्या फोनवरून आई म्हणाली, "पेपरात दिलंय गं. पोटात नाही." मग विचारले, "जेवलीस का?"

पातेले शुन लेइला द्यावे. चेप काढू नये.

३. थनाखा उगाळायची सहाण. ही माझ्या लग्नात सासूबाईंनी दिली. शुन लेइ लहान असताना तिच्या गालांवर मी रोज सकाळी तिच्यावरच थनाखाची सुगंधी साल उगाळून लेप लावत असे. सहाण मधोमध खोल गेली आहे, तिकडे पाणी साठते, बाजूने उगाळावे. शुन लेइ, तुला एवढेच सांगते: अठरा पूर्ण झाल्यावर तुला कोणी सैन्यात ओढायला आले, मग ते मामाचे सैन्य असो की आमचे, तू स्वतः ठरवल्याशिवाय जायचे नाही. तुझे बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितले असते, पण अधिक गोड शब्दांत.

४. पुस्तके आणि किरकोळ. कायद्याची पुस्तके तालुका न्यायालयाला. वाळवीने खाल्लेल्या भागातले बहुतेक कायदे तसेही रद्द झाले आहेत. बँकेतले खाते गोठवलेले आहे. त्यासाठी कोणी खेटे घालू नयेत. माझी छत्री वकील ऊ चो टुन यांच्याकडे आहे. मी गाव सोडले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या दारावरची पाटी उतरवून आपली लावली. छत्री त्यांनी ठेवावी. ती गळते.

५. संसदेतला पोशाख. रेशमी लुंगी आणि जाड्याभरड्या सुताचे तपकिरी जाकीट मला जाळताना अंगावर नको. कोणा गरजू बाईला द्यावे. त्या पोशाखाचा मला फार अभिमान होता. पहिल्या दिवशी केसांत फुले माळून मी सभागृहात शिरले आणि समोर हिरव्या गणवेशांचा गठ्ठा बसलेला पाहिला: सभागृहाचा चौथा हिस्सा, कोणी निवडून न दिलेला, सेनापतींनी नेमलेला. त्या गठ्ठ्यात तिसऱ्या ओळीत दादा.

आम्ही दोघे एका सभागृहात! आईने ही गोष्ट अख्ख्या आळीला सांगितली. मधल्या सुट्टीत तो माझ्यासाठी चहापत्तीच्या कोशिंबिरीतली लसूण वेचून काढायचा. म्हणायचा, "भाषणात श्वास घ्यायला विसरतेस तू. शाळेपासूनची सवय." आम्हा पुष्कळांना तेव्हा वाटे की अशा चहाने, अशा लसणीने तो चौथा हिस्सा हळूहळू विरघळेल. माणसे चांगली आहेत, वेळ लागेल, एवढेच. घटना बदलायला तीन चतुर्थांशांहून जास्त मते लागत. म्हणजे ते नुसते बसून राहिले तरी पुरे. आणि ते बसून राहिले. ज्या गोष्टींवर आम्हीही बसून राहिलो त्यांची यादी इथे देत नाही. ती माझ्या एकटीची मालमत्ता नाही.

६. दादाला. गणवेशाच्या जागा कमी करण्याचा ठराव पडला त्या दिवशी मी त्याला जिन्यात गाठले.

"दादा, तू कुठं टाकलंस मत?"

"गुप्त मतदान होतं, वकीलबाई."

"मी बहीण म्हणून विचारतेय."

"मग तर मुळीच सांगणार नाही. बहिणीच्या पोटात काही राहत नाही."

हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्या न पाहण्याचा अर्थ मी इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंनी लावून पाहिला आहे. त्याने होकार दिला असेल, तर तो कोणाला कधीच सांगू शकणार नाही. दिला नसेल, तर मला सांगणार नाही. दादा, हा प्रश्न मी मागे घेते. मुलीला सांभाळलेस, त्याचे उपकार आहेत. जाहिरातीचा राग आहे. दोन्ही तुझ्या नावावर करते. एक घेऊन दुसरे टाकू नकोस.

माझे शरीर मिळाले तर अग्नी दादाने द्यावा असे फार वाटते. त्याला येता येणार नाही हेही कळते. आला, तर साध्या कपड्यांत यावे.

७. माझे मत. फ्यो माझ्या कार्यालयात कारकून होता. हुशार, तोंडाळ, चहा भयंकर करायचा. आता लोक त्याला बो फ्यो म्हणतात, म्हणजे सरदार फ्यो, आणि या खोऱ्यात आम्ही जिवंत आहोत ते त्याच्या पोरांमुळे. त्याचा धाकटा भाऊ गेल्या वर्षी लढाईत गेला. मला तो अजून ताईच म्हणतो. त्याने परिषदेपुढे ठराव आणला आहे: परिषदेच्या जागांतला चौथा हिस्सा लढणाऱ्यांसाठी राखीव, माणसे सरदाराने नेमायची, आणि सनद बदलायला तीन चतुर्थांशांहून जास्त मते.

मी त्याला विचारले, "हा आकडा तुला कुठून सुचला?"

"कुठून म्हणजे? पद्धतच आहे ती."

"कुणाची पद्धत, फ्यो?"

तो लालबुंद झाला. "मला त्यांच्या पंगतीत बसवता, ताई? आमची पोरं मरतात. आणि तुम्ही लोक सतरंजीवर बसून रस्ता कुणाच्या शेतातून न्यायचा ते ठरवणार? बॉम्ब पडला की मग आठवतो का फ्यो?"

"तुझ्या पोरांना मत आहे. प्रत्येकाला एक. निवडणुकीला उभं राहायला कुणी अडवलंय?"

"खंदकात बसून प्रचार करू?"

हे त्याचे खरे आहे. त्यानंतर दोन दिवस मी स्वतःला विचारत राहिले की मी फ्योशी भांडते आहे की दादाशी. बहुधा दोघांशी. फ्यो प्रामाणिक आहे. दादाही प्रामाणिक होता. त्याला छपराची खरोखरच काळजी होती. मला वाईट याचे वाटते की फ्योला हे समजावताना माझ्याकडे उदाहरण म्हणून माझा सख्खा भाऊच आहे.

म्हणून लिहून ठेवते. मी बैठकीला पोचले नाही, तर परिषदेने हे वाचून दाखवावे. माझे मत विरोधात आहे. चौथा हिस्सा कोणालाही नाही: थोरल्या मुलाला नाही, सेनापतीला नाही, आपल्या माणसाला तर नाहीच, कारण त्याला नाही म्हणणे सर्वांत कठीण जाते. मेलेल्या सभासदाचे मत धरत नाहीत, हे मला माहीत आहे. बौद्धाचे मृत्युपत्रही धरत नाहीत.

८. अंत्यविधी. जवळपास जे भिक्षू असतील त्यांना जेवण घालावे. पाणी ओतून पुण्य वाटताना दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांना वाटावे. कोणाला हे जड गेले तर माझे नाव घेऊन वाटावे, पाप मला लागू दे.

सह्या करताना घडले ते. साक्षीदार म्हणून मी डॉक्टर आणि फ्यो यांना बोलावले. फ्योने बंदूक ओट्यावर ठेवली आणि आत येऊन सगळे वाचले. कलम सात दोनदा वाचले.

"साक्षीला मलाच बोलावलंत, आणि लिहिलंत माझ्याच विरुद्ध?"

"कार्यालयात काय शिकलास? साक्षीदाराने मजकूर मान्य करायचा नसतो. लिहिणारी शुद्धीवर होती एवढंच सांगायचं."

"शुद्धीवर आहात," तो म्हणाला. "तीच तर अडचण आहे."

मग त्याने डॉक्टरांकडून पेन मागून घेतले.

ठिकाण: याव खोऱ्यातले एक गाव. नाव मुद्दाम लिहिलेले नाही. इथे लहान मुले आहेत.

दिनांक: १२ नोव्हेंबर २०२४, तझाउंगमोन महिन्याच्या पौर्णिमेच्या आधी

सही: खिन सबे

साक्षीदार

१. डॉ. म्या थिडा. आमच्या समक्ष सही केली. ताप नव्हता, मोजला.

२. फ्यो वै लिन. आमच्या समक्ष सही केली. शुद्धीवर होत्या. कलम सात मला मान्य नाही. बैठकीला त्यांना माझ्या मोटरसायकलवरून मी स्वतः नेणार आहे.