देवकापसाची वात

१२ जुलै २००८, शनिवार. शुगर लँड, टेक्सस

सकाळी साडेनऊला बिऱ्हाड हलवलं. बिऱ्हाड म्हणजे दोन बॅगा आणि हत्यारांची पेटी. खोली उत्तम आहे. खिडकीतून मागचं तळं दिसतं आणि एसीचा झोत नेमका पलंगावर येतो. मोटेलमधल्या नोकरीच्या अठरा वर्षांत लोकांचे एसी दुरुस्त केले, पण एवढा गारवा माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

काम सोपं आहे. राजारामकाका एकोणऐंशी वर्षांचे, निवृत्त डॉक्टर. फुप्फुसं कामातून गेलेली, चोवीस तास नाकाला ऑक्सिजनची नळी. ते मशीन आणि घरातलं बाकी सगळं यांत्रिक आता माझ्याकडे. त्यांचा मुलगा अंकुर प्लेनोहून चार तास ड्राइव्ह करून मला भेटायला आला होता. कुठल्या कॉलेजचे, म्हणून विचारलं. म्हटलं, कॉलेजची पायरी चढलो नाही. सांगलीत शिलाई मशीनच्या दुकानात बसलो, पुढचं सगळं उघडून बघून शिकलो. मग दहा मिनिटांत ऑक्सिजन मशीनची खरखर बंद करून दाखवली. कंपनीच्या माणसाने फिल्टर उलटा बसवला होता. अंकुर म्हणाला, ऑसम, काका.

अट एकच. घरात ऑक्सिजन आहे, त्यामुळे ज्योत नको. म्हणून माझी सिगरेट बंद, आणि शरयूकाकूंची समईसुद्धा. देवघरात बॅटरीचा प्लास्टिकचा दिवा लुकलुकतो. माझं काही अडत नाही. गेल्या महिन्यातच चीनहून ई-सिगरेट मागवली आहे. आपल्या खोलीत दार लावून ओढा, असं अंकुर म्हणाला.

१४ जुलै, सोमवार

आषाढी. काकूंनी लक्षवातींचा नेम धरला. चातुर्मासात लाख वाती वळून जाळायच्या, काकांच्या आयुष्यासाठी. जळगावहून बहिणीने देवकापूस पाठवलाय. मी विचारलं, जाळणार कुठे? काकू म्हणाल्या, तेच तर, यांच्याच छपराखाली जळायला हव्यात, अंगणात चालत नाही. आतून काका धापा टाकत म्हणाले, आधी मला जाळ, मग वाती जाळायला घर मोकळंच आहे. काकूंनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

काकांच्या उशाशी हॉस्पिटलचं प्लास्टिकचं खेळणं आहे. नळीतून श्वास ओढला की तीन गोळ्या वर चढतात. काकांची एकही हलत नाही. मी ओढलं, तिन्ही टकाटक वर. काका म्हणाले, बघा, आणि मी चाळीस वर्षं पेशंटना सिगरेट सोडायला सांगत होतो.

२० जुलै, रविवार

ई-सिगरेटला करपट चव यायला लागली. खोलली. अॅटोमायझर म्हणजे बोटाच्या पेराएवढी नळी. आत केसाएवढ्या तारेचं वेटोळं, आणि त्याला लिक्विड पाजणारी वात. ती वात काळी पडून झिजली होती. नवा अॅटोमायझर यायला तीन आठवडे. तोवर कोण थांबतो?

दिवाणखान्यात काकूंचं तबक होतं. शंभर-शंभर वातींच्या जुड्या. काकू अंघोळीला गेल्या होत्या. एक वात उचलली. लाखातली एक, म्हटलं कोण मोजतंय. नळीच्या तोंडावरची जाळी चिमट्याने काढली, वेटोळं स्पिरिटने धुतलं, वात नेमकी दीड इंच कापून ओवली. पहिला झुरका असा आला की गेल्या वर्षभरात सिगरेटचाही आला नसेल.

२१ जुलै, सोमवार

काकू मोजतात. कालच्या जुडीत नव्याण्णव निघाल्या, असं चहा देताना सहज म्हणाल्या. खोटं बोलणं माझ्याकडून होत नाही. सांगून टाकलं, आणि रागावू नयेत म्हणून टेबलावर सगळं उघडून दाखवलं. जाळी कशी काढायची, वात कशी ओवायची, पेच किती आवळायचा. त्यांनी चष्मा लावून ऐकलं. विचारलं, ज्योत नाही, मग वात जळते का? म्हटलं, जळते, हळूहळू, तारेच्या धगीने. मग म्हणाल्या, आणि ओढता तुम्ही? म्हटलं, दुसरं कोण?

संध्याकाळी माझ्यासाठी शिरा केला, केळं घालून.

३० जुलै, बुधवार

वात झिजत नाही. पहिली कारखान्याची वात महिन्यात काळी झाली, ही दहा दिवसांनंतरही पांढरीशुभ्र. देवकापसाचा धागा लांब असतो हे खरं. तरी एवढा?

काकांनी आज एक गोळी वर चढवली. घरात आनंद. माझ्या दोनच चढल्या. हवा दमट आहे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अॅटोमायझरला कुणीतरी हात लावतं. मी पेच पाव फेरा कमी आवळतो, ही माझी पद्धत आहे. आज तो पूर्ण आवळलेला होता. सांध्यावर पेन्सिलची बारीक रेघ ओढून ठेवली.

९ ऑगस्ट

अंघोळ करून आलो, तर रेघेची दोन टोकं जुळत नव्हती.

या घरात चालतं-फिरतं माणूस मी सोडून एकच आहे. आणि त्या काकू टीव्हीचा रिमोट मला विचारून दाबतात.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी झुरका घेतला, सोडला. तोंडातून काही आलं नाही. बॅटरी गेली म्हणावं तर टोकाचा दिवा लागलेला. तेवढ्यात काका खाकरले. त्यांच्या खोलीत गेलो. झोपलेले होते. नाकातोंडातून पांढरी वाफ निघत होती. मेंथॉलचा वास. माझ्या लिक्विडचा.

अनुमान नको, प्रयोग करावा. त्यांच्या पलंगाजवळ खुर्चीवर बसलो. पाच झुरके मी ओढले. पाचही त्यांच्या तोंडातून बाहेर आले.

दारात काकू उभ्या होत्या. म्हणाल्या, ओढा ना, थांबलात का?

१७ ऑगस्ट

ओढायचं बंद केलं. तीन तास. मग श्वास आत जाईना. छातीचा भाता दाबून धरल्यासारखा. एक झुरका घेतल्यावर सुरू झाला.

माझी एक गोळी. काकांच्या दोन.

२४ ऑगस्ट, रविवार

निघालो. बहीण डॅलसला आहे, तिच्याकडे. बॅगा गाडीत टाकल्या, ई-सिगरेट मुद्दाम उशाखाली ठेवून आलो. हायवेच्या तोंडाशी सिग्नलला श्वास थांबला. हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवत होते. गाडी कशी वळवली आठवत नाही. ड्राइव्हवेवर काकू ई-सिगरेट हातात घेऊन उभ्या होत्या. चार्ज केलेली.

२ सप्टेंबर

समोर बसवून विचारलं. काकू जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, संकल्प असा आहे, की जो वात पेटवेल त्याच्या पदरचं आयुष्य यांना. सगळ्या मीच पेटवणार होते, गिरीशराव, माझं द्यायला निघाले होते. पहिली तुम्ही पेटवलीत. देवाने घेतली, मी काय करू? म्हटलं, मग सांगितलं का नाही? म्हणाल्या, उचलताना तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

आणि माझा अॅटोमायझर कोण उघडतं, विचारलं. म्हणाल्या, तुम्हीच शिकवलंत, फार छान शिकवता.

९ सप्टेंबर

पांढरी का राहते ते कळलं. रोज नवी. मी अंघोळीला जातो तेव्हा. जुन्या टोकाला नवी वळून जोडतात —

पेटी लपवली. चिमटा त्यांच्याकडे आहे.

माझी एकही गोळी हलली नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

वादळ. पहाटेपासून वीज नाही. ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. धावत — धावता येत नाही — भिंतीला धरून काकांच्या खोलीत गेलो. पलंग रिकामा. नळी उशीवर.

काका स्वयंपाकघरात उभे होते. पोहे खात होते. म्हणाले, बसा, तुमचा रंग बरा नाही. डॉक्टर आहेत, नाडी बघितली. काकूंकडे पाहिलं आणि माझा हात हळूच खाली ठेवला.

१४ सप्टेंबर

वीज नाही. दोन दिवस चार्ज नाही. टोकाचा दिवा तरी लागतो. मी ओढत नसतानाही — लागतो, विझतो — काकांच्या श्वासाबरोबर —

१५ सप्टेंबर

काकू अंकुरशी फोनवर. दार उघडं होतं. गिरीशराव फार थकलेत रे, दुसरा माणूस बघ. थोडा तरुण बघ. हो, सिगरेट ओढणारा असला तरी चालेल.

चिमटा मिळाला. त्या फोनवर असताना तबकातून. लिहीत लिहीत करतो, नोंद हवी.

जाळी काढली. वातीचं टोक धरलं. मी दीड इंच घातली होती. दीड.

चार इंच आली. सहा.

ओढली की छातीत आतून — बरगडीखाली — कुणी दोरा ओढावा तसं. दुसरं टोक नळीत नाही. दुसरं टोक —

नऊ. ओली आहे. लाल —

काकू दारात. मागे काका, खेळणं तोंडाला लावून, तिन्ही गोळ्या वर. काकू म्हणतात, सावकाश, गिरीशराव, तुटली तर तुमचा