तिघांची खोली

तिरोडी, ता. १२ जानेवारी १९६८

चि. मोतीलाल यास आजीचा जयभीम आणि आशीर्वाद.

दोन महिने झाले, पत्र नाही. आजीले विसरायचाबी पगार देते काय रे नागपूरची गिरणी? मी स्टेशनामागंच राहते, आठवलं काय? शेजारची सरिता हे लिहून राह्यली. मी बोलते, ती लिहिते, मधात हसते.

इथं नवल झालं. खदानवाले, सरकारी दवाखाना आन् पंचायत, एकमेकांच्या दारात न जाणारे तिघं. त्यायनं पैसा एकत्र केला आन् शाळेजवळ एक खोली उघडली. एकाच टेबलावर सुई देणारी लीलाबाई नर्स आन् म्हाताऱ्यायले दूध-दलिया वाटणारी आपली सरिता. डोंगर फोडताना जन्मभर पाह्यलं, पण ह्या तिघांच्या मुठी उघडताना पहिल्यांदा पाह्यल्या. मी दारात चप्पल काढून उभी राह्यली, विहारात राहावं तशी.

पहिले ह्या दोघी दोन ठिकाणी बसत. मी नर्सले सांगो, खोकला खदानीच्या धुळीचा आहे. सरितानं पदरावरचा लाल डाग पाह्यला, तर तिले म्हटलं, नर्सनं पाह्यला, काही नाही म्हणे. माझं बरं चाललं होतं.

त्या टेबलावर सरितानं विचारलं, "बाई, आजीच्या रक्ताले काय दिलं?"

"कोणतं रक्त?"

दोघी माझ्याकडं पाहून राह्यल्या. मी छताकडं.

टीबी आहे, बाबू.

दिवाळीत तुले लिहिलं, घराले चुना लावून राह्यली, येऊ नको. चुना नव्हता लावला. तुझं लेकरू तीन महिन्यांचं. मले वाटलं, गुपचूप मरावं, कोणाले कळू नये.

आता रोज नर्स घरी येते, तिच्यामागं सरिता दूध घेऊन. पिऊन होईपर्यंत दोघी हालत नाहीत. मी विचारलं, "सुई कोणाच्या पैशाची, दूध कोणाच्या?" दोघी म्हणे, "मालूम नाही, आजी." अंगावर काटा आला रे. एका म्हातारीसाठी तिघं, आन् कोणी नाव सांगत नाही! नर्स म्हणते, वाचशील.

नर्सनं अंडी खायले सांगितली, ती इथं भेटतात. तू शेंगदाण्याचे लाडू पाठव. कूट बारीक कर, दात तीनच आहेत. गाडीनं येणाऱ्या कोणाच्या हाती दे. नर्स हौ म्हणेपर्यंत लाडू पाठवायचे, घेऊन यायचे नाहीत.

तुझी आजी
शेवंताबाई (अंगठा)